एक वाईट माणूस पाहिजे

कंपाउंडर चांगल्या माणसांना फार भ्यायचे. चोर, दारुडे, उधारी बुडवणारे, यांच्याशी त्यांचं छान जमायचं. पण समोर कोणी मऊ मनाचं माणूस आलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "हा देवमाणूस आहे," हे ते अशा सुरात सांगायचे, जसं दुसरं कोणी सांगेल की याला खरूज झाली आहे.

त्यांचं खरं नाव गल्लीत कोणी घेत नसे. आर्णीच्या दवाखान्यात उभा जन्म औषधं देण्यात गेला, म्हणून कंपाउंडर. आमची घरं भिंतीला भिंत लावून. मी चौथीपर्यंत शिकले, ब्लाउज शिवून संसार केला आणि तोंडाची फटकळ आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तेच कामाला आलं.

कंपाउंडरांची बायको लवकर गेली. मुलगी वैशाली पुण्याला नोकरीत. आणि घरी मुन्ना. मुन्ना पन्नाशीला टेकला, पण डोक्याने सात-आठ वर्षांचाच राहिला. कामाला चांगला. दळण आणतो, अंगण झाडतो, येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम घालतो. खोड एकच. कोणी काही मागितलं की देऊन टाकतो. चपला देऊन अनवाणी घरी आला, असं कितीदा झालं. एकदा तर घरातलं भरलेलं सिलिंडर देऊन टाकलं. नुसतं दिलं नाही, उचलून ऑटोत ठेवून दिलं. कंपाउंडर विझलेल्या शेगडीपुढे उभे, आणि हा सांगतो, "बाबा, त्यायच्या घरी पाव्हणे येऊन राह्यले ना!"

कंपाउंडर रागावले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसून मला म्हणाले, "सुमनबाई, मी याच्या नावानं घर केलं तर तेरवीच्या आत घर जाईन. अन हा घेणाऱ्याचं सामान उचलू लागन."

"मग पोरीच्या नावानं करा," मी म्हणाले.

"ते चांगली आहे, तेच तर वांधं आहे. घर इकन, याले पुण्याले नेईन, चौथ्या मजल्यावर ठेवन. मोठ्या मायेनं ठेवन. इथं हा चपला वाटून आला तर दिवस बुडाच्या आत कोणी ना कोणी आणून देते. थ्या चौथ्या मजल्यावर कोण आणून देईन?"

मी हातातल्या ब्लाउजला काज करायला घेतलं. 

मग ते यवतमाळला एका वकिलाकडे जाऊ लागले. येताना दर वेळी नवीन शब्द आणायचे. एके दिवशी 'ट्रस्ट' घेऊन आले. मी म्हणाले, ते देवळाचं असतं, नाहीतर शाळेचं. ते म्हणाले, घराचंही करता येतं, आणि समजावायला लागले. समजावायचे ते सगळं दवाखान्याच्या भाषेत.

"पहिले आमी मिक्श्चरची बाटली द्यायचो. तिले डोसाच्या खुणेची कागदाची पट्टी डकवलेली राहे. मृत्युपत्र म्हणजे सारी बाटली पेशंटच्या हाती. थो एका दमात पेते, नाहीतर शेजाऱ्याले देते. ट्रस्ट म्हणजे बाटली कपाटात, किल्ली दुसऱ्याजवळ, अन पेशंटले रोजचा डोस."

म्हणजे असं, की घर आणि रस्त्याकडचे दोन गाळे ट्रस्टचे. भाड्यातून मुन्नाचं खाणं-पिणं, कपडे, औषध. मुन्ना आहे तोवर घर विकायचं नाही. त्याच्यामागे सगळं वैशालीच्या मुलांना. त्यात त्यांनी आणखी एक कलम घातलं. दर महिन्याला मुन्नाला थोडे पैसे नुसते वाटायला द्यायचे. वकील चक्रावला. कंपाउंडर त्याला म्हणाले, "तान्ह्या पोळ्याले लेकरं लाकडी बैल घेऊन दारात येतात, आपण त्यायले बोजाऱ्याचे चार पैसे देतोच का नाही? तसा मुन्नाचा बोजारा समजा. देणं हे त्याचं औषध आहे साहेब. एकदम बंद केलं तर आजारी पडन."

राहिला किल्लीचा प्रश्न. विश्वस्त दोन हवे होते. एक वकील झाला. दुसरा गल्लीतला हवा, आणि त्याला 'नाही' म्हणता आलं पाहिजे, एवढी एकच अट. यासाठी कंपाउंडरांनी जे केलं ते आर्णीत आजवर कोणी केलं नसेल. ते घरोघर मागायला निघाले. चेहरा पाडून जायचे, काहीतरी अडचण सांगायचे आणि लोकांच्या रोजच्या गरजेची वस्तू मागायचे. बिडकरांनी शिडी दिली. किराणावाल्याने ताडपत्री दिली. रिटायर झालेल्या गुरुजींनी सायकल दिली, वर हवा भरून दिली. कंपाउंडरांच्या अंगणात सामानाचा ढीग झाला आणि ढिगापुढे ते डोक्याला हात लावून बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"सारे चांगले निघाले वो! साऱ्या गल्लीत एक वाईट माणूस सापडून नाही राह्यला."

दुसऱ्या दिवशी माझ्या दारात. डोळे ओले, आवाज कापरा. "बाई, तुमची शिलाई मशीन द्या महिनाभर. कायले ते विचारू नोका, लय अडचण आहे."

"अडचण तुमची, मशीन माझी," मी म्हणाले. "नाही देत."

"शेजारधर्म म्हणून तरी..."

"शेजारधर्म म्हणून चहा देते. पिता काय?"

गडी खुर्चीत बसून असा हसला, की मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. "पास!" म्हणाले. "बाई, तुमी पास झाल्या." मग सगळा डाव सांगितला. मी पुष्कळ शिव्या दिल्या. त्यांना त्या प्रशस्तिपत्रासारख्या वाटल्या असाव्यात. पुढच्या आठवड्यात यवतमाळला नेऊन मला सही करायला लावली. वकिलाने विचारलं, यांचं शिक्षण? कंपाउंडर म्हणाले, "नाही म्हणायले चौथी पुरते."

त्यांना साखरेचा आजार होता. स्वतः इतके कडक, की कोणाच्या लग्नात बुंदीचा दाणा तोंडात टाकला नाही. शेवटी शेवटी किडन्या गेल्या, दवाखान्यातून घरी आणलं. वैशाली येऊन-जाऊन होती. एका दुपारी मी त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा घेऊन गेले. ते उशीला टेकून बसले होते, मुन्ना पाय चेपत होता.

"बाई, चमचाभर साखर टाका आज. आता काय राह्यलं?"

"नाही."

"मरणाऱ्या माणसाले नाही म्हणता?"

"मरणाऱ्याले काय, मेलेल्यालेही म्हणीन."

खोकला येईपर्यंत हसले. तो कडू चहा सगळा प्याले आणि भिंतीकडे तोंड करून गाढ झोपले. दोन दिवसांनी गेले.

तेरवी झाली आणि वैशाली माझ्याकडे आली. खरंखुरं रडत होती. "मावशी, मी मुन्नाला घेऊन जाते. घर विकू, त्याच्याच नावाने पैसे ठेवू. मला एक रुपया नको. तो एकटा कसा राहील?" तिकडे वकीलही फोनवर विरघळला. म्हणाला, सगळ्यांचं मत असेल तर काहीतरी मार्ग शोधू. मी मुन्नाला बोलावून विचारलं, पुण्याला जातो काय? त्याने बराच विचार केला. म्हणाला, "तिथं ओटा आहे काय?"

मी वैशालीला म्हणाले, "नाही."

तिचा तोल गेला. "तुम्हाला काळीजच नाही मावशी. बाबांनी शेवटी चमचाभर साखर मागितली, तीसुद्धा दिली नाही तुम्ही. मुन्नाने सांगितलं मला."

"नाही दिली," मी म्हणाले. "दिली असती, तर त्यांना वाटलं असतं, बाईही चांगली निघाली. झोपले असते काय ते?"

 वैशाली उठली, तोंड धुतलं, मुन्नाच्या स्वयंपाकाला एक बाई ठरवली, तिला काय काय लागतं ते विचारून घेतलं आणि रात्रीच्या गाडीने गेली. आता दिवाळीला मुलांना घेऊन येते. माहेर शिल्लक आहे, म्हणून येता येतं, हे तिने मला अजून बोलून दाखवलेलं नाही. माझी काही तक्रार नाही.

मुन्ना ओट्यावर बसून त्याचा बोजारा वाटतो. महिना सरायच्या आधी पैसे सरतात, मग माझ्याकडे येतो. मी नाही म्हणते. तो रागावत नाही, बापासारखाच हसतो.

पण आता माझंही वय झालं. डोळे साथ देत नाहीत, मशीन विकली. माझ्यानंतर किल्ली कोणाकडे, हा घोर लागला. म्हणून यंदा मीच चेहरा पाडून गल्लीत मागायला निघाले. घरात दोन शिड्या, एक कूलर आणि कोणाची तरी नवी इस्त्री येऊन पडली आहे. लोक अजून चांगलेच आहेत, काय सांगू!

काल बिडकरांच्या नव्या सुनेकडे गेले. मिक्सर मागितला. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं.

ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "आजी, नाटकं नोका करू. नाही देत."

मी घरी आले, चहा ठेवला आणि त्यात एक चमचा साखर जास्त टाकली.