वासनिक काकांच्या घरचा पंखा

कॉम्प्युटरचा डबा उघडला की आतून धूळ निघते, आणि धुळीसोबत एखादा किस्सा निघतोच. आर्वीत एसटी स्टँडजवळ मी आणि मिलिंद थूल, आम्ही दोघं भागीदारीत असेंबल्ड कॉम्प्युटरचं दुकान चालवायचो. त्या काळात इतके डबे उघडले की किस्स्यांना तोटा नाही. ऐकणारे कंटाळतात, मी नाही कंटाळत.

तेव्हा घरोघरी नुकते कॉम्प्युटर येत होते. पार्ट नागपूरहून आणायचे, एसटीत मांडीवर सांभाळायचे आणि दुकानात जोडायचे. गिऱ्हाइकाला स्वस्त पडायचं. फक्त पंखे असे मिळायचे की मशीन सुरू केली की पिठाची गिरणी सुरू झाली म्हणून शेजारी डबा घेऊन यावा.

तरी उन्हाळ्यात एकही तक्रार येत नसे. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे घरोघरी कूलर. त्याच्या घरघरीत माणूस माणसाला हाका मारून थकतो, तिथं कॉम्प्युटरला कोण विचारतो! पाऊस सुरू झाला, कूलर बंद पडले, की दुकानाचा फोन वाजू लागायचा.

"भाऊ, तुमची मशीन अचानक आवाज करून राह्यली."

अचानक म्हणे. मिलिंद म्हणायचा, "आपण उन्हाळ्यात मशीनी विकू अन् पावसाळ्यात दुकान बंद ठेवू."

*

एका कापसाच्या जिनिंगच्या शेठने ऑफिसात मशीन घेतली. पंख्याच्या आवाजावरून रोज फोन. एक दिवस मात्र स्वतःच खुशीत बोलले, "राजेहो, तुमच्या मशीनचा आवाज आपोआप गेला. काईच करा लागलं नाई."

मी खूश. मिलिंदचा चेहरा पडला. "चाल लवकर," म्हणाला.

जाऊन डबा उघडला, तर पंखा दिसेचना. जिनिंगमधली उडती रुई आत जाऊन जाऊन तिथं उशी तयार झाली होती, आणि पंखा तिच्यात आरामात झोपला होता.

"शेठ, पंखाच बंद हाय, म्हणून आवाज नाई. मशीन जळून राह्यली," मिलिंद म्हणाला.

शेठ म्हणाले, "जळू द्या ना थोडी. इतक्या दिवसांत आज फोनवर नीट बोलता आलं."

*

फोटो स्टुडिओवाले ढोले. त्यांना मी फोनवर सांगितलं, पंख्याच्या मधलं स्टिकर उचला, आत तेलाचा थेंब सोडा. कोणतं तेल ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यांनी डोक्याला लावायचं खोबरेल सोडलं.

दिवाळीपर्यंत मशीन गपगार. ढोले गावभर आमची तारीफ करत फिरले. मग थंडी पडली आणि सकाळी पंखा फिरेचना. दुपारी मात्र बरोबर फिरायचा. बघायला गेलो, तर अंगणात खाटेवर कॉम्प्युटर उन्हाला ठेवलेला.

"हा उन्हात काऊन ठेवला?"

"गोठला," ढोले म्हणाले. "तेलाची बाटलीबी बाजूलेच ठेवली, पाहा. दोघंबी संगंच पघळते."

*

आता वासनिक काका. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. नोकरी सुटली, सवय सुटली नव्हती. हातात कागद आला की उभी घडी घालून दोन बोटांच्या मधे धरायचे, कंडक्टर नोटा धरतात तसा. विजेचं बिल असो की लग्नाची पत्रिका, आधी घडी, मग बोटांत. त्यांच्या घरी मशीन बसवली त्या दिवशी मिलिंदने दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड दिलं. काकांनी वाचलंसुद्धा नाही. उभं दुमडलं आणि बोटांत खोचलं.

मशीन होती त्यांच्या मुलीची, सुषमाची. ती घरी बसून लोकांच्या लग्नपत्रिका टाइप करायची. काका त्याच खोलीत रेडिओवर बातम्या ऐकायचे, आणि पंख्यापुढे रेडिओचं काही चालायचं नाही. म्हणून मिलिंद दर रविवारी पंखा बघायला जायचा. नीट करायला कधी गेला असं मला वाटत नाही, बघायलाच जायचा. कशाला जातो ते सगळ्या आर्वीला समजलं होतं, एक मी आणि काका सोडून.

एका रविवारी काका त्याच्यासमोरच म्हणाले, "पोरीसाठी नवरा सर्विसवालाच पाह्यजे, पक्क्या नोकरीचा. दुकानाचं काय, आज हाय, उद्या नाई."

मिलिंदच्या हातातला स्क्रू सुटून मशीनमधे पडला. सापडायला तास लागला. सुषमा बॅटरी धरून उभी होती, त्यामुळे लागला.

*

मला दुकानाच्या नावाची काळजी. एकच मशीन दर रविवारी बिघडते म्हणजे काय? मी हट्टाला पेटलो. सायकलवाल्याकडे जाऊन जुनी ट्यूब मागितली.

तो म्हणाला, "काऊन, कॉम्प्युटर पंक्चर झाला का?"

ट्यूबचे चकतीसारखे वायसर कापून, डबा थरथरू नये म्हणून, स्क्रूखाली घातले. नागपूरहून चांगल्या बेअरिंगचा पंखा आणला. मिलिंद आपला कुरकुरतोय, "एवढी घाई काऊन करून राह्यला तू?" मी ऐकतो कशाला!

मशीन सुरू केली. काकांनी डब्याला कान लावला.

"चालू हाय?"

"चालू हाय, काका."

रेडिओवरच्या बातम्या शब्द न् शब्द ऐकू येत होत्या. काका मिलिंदला म्हणाले, "वा. म्हणजे आता तुले यायचं काम नाई."

सुषमाचं टाइपिंग थांबलं.

रस्त्याने मिलिंद माझ्यापुढे झपाझप चालत होता. दुकानाशी आल्यावर म्हणाला, "तू माह्या दोस्त हायेस का दुश्मन?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. फार वाईट वाटलं. परत जाऊन पंखा उपटून आणावा असं वाटलं.

*

त्यात बातमी आली, वर्ध्याचा सर्विसवाला मुलगा सुषमाला पाहायला येतोय. तो आला, पोहे खाल्ले, मशीनकडे बघून "हे हिला येतं का?" असं काकांना विचारलं आणि गेला. ते काकांना फार लागलं म्हणे; हे सगळं मला सायकलवाल्याने सांगितलं. मिलिंदला मी सांगितलं नाही. तो आधीच जेवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात काकांचा फोन. "तुमची मशीन पुन्हा आवाज करून राह्यली. थूलले पाठवजो."

"शक्यच नाई काका, तो पंखा..."

"मी काय म्हणलो? थूलले पाठव."

दोघंही धावत गेलो. मशीन खरंच टरटर वाजत होती. काका आतल्या खोलीत रेडिओ ऐकत बसले होते. मिलिंदने डबा उघडला. पंख्याच्या जाळीत एक पुठ्ठ्याचा तुकडा अडकला होता, पातं त्याला घासून वाजत होतं. त्याने तो चिमटीत ओढून काढला. आमच्याच दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड. उभं दुमडलेलं.

मी सुषमाकडे बघितलं.

"माह्याकडे काय पाह्यता? मी नाई ठेवलं," ती म्हणाली.

मिलिंदने कार्ड उलटून-पालटून बघितलं.

आत रेडिओ बंद झाला.

"भेटला का फॉल्ट?" काकांनी विचारलं.

मिलिंदने कार्ड खिशात घातलं. मीच म्हणालो, "भेटला, काका."

"बरं झालं. थूल, उद्या येजो. अन् संग आईले घेऊन येजो."