पांगाऱ्याचा पांगुळगाडा

आमच्या पौडात फकरूभाऊचा पांगुळगाडा न धरता चालायला शिकलेलं एक पोर दाखवा मला! माझी तिन्ही त्याच्यामागं चालली. बाभळीचा जड गाडा, तीन चाकं, पोरानं धरायला उभी चौकट. तरी नवा गाडा लई पळायचा, म्हून आमी बाया त्याच्यावर वरवंटा बांधायचो. पोराच्या पायात जोर आला की वरवंटा सोडायचा. हे कुनी शिकवलं न्हाई, आपलं चालत आलेलं.

आता गाडे कोन घेतंय? फकरूभाऊ माझ्या शेजारच्या खोलीत मोडकी खेळणी दुरुस्त करतो. भूगाव-बावधनच्या फ्लॅटवाल्यांची पोरं मोडत्यात, हा जोडतो. बरं, गप जोडावं का न्हाई? त्ये न्हाई. हरेक खेळणं उलटंपालटं करनार आन् मला हाक मारनार, "वैनी, ह्ये बघा!"

"ह्यो नेपाळचा हत्ती. नुसती लोकर चेपून केलाय, पन सोंड बघा कशी वळवलीया. ह्ये श्रीलंकेचं. लाकूड असं घासलंय, पोरानं चाटलं तरी कुसळ लागायचं न्हाई. ही बाहुली बांगलादेशची, बायांनी हातानं विनलेली. आन् ही चीनची गाडी, पोरानं आत बसायची. धरा हातात. हाय का वजन?"

"मग तुमी कुटं बसता ह्यांच्यात?" मी इचारलं. मला भाकऱ्या टाकायच्या व्हत्या, आन् ह्याचं देशोदेशीचं पुरान संपत नव्हतं.

"आपलं लई जड हाय, वैनी," त्यो म्हनला. "सगळे हलके झाले, आपुन जडच ऱ्हायलो. म्हून मागं पडलो."

त्याची लेक समरीन भूगावला फ्लॅटात ऱ्हाती. तिची जस्मीन उभी राहायला लागली, तवापासनं ह्या मानसाला एकच ध्यास. नातीनं पयलं पाऊल आपल्या गाड्याला धरून टाकावं. बाकी कायबी मागनं न्हाई. समरीन म्हनली, "अब्बा, खालच्या मजल्यावरचे लोक चाक वाजलं तरी भांडायला येतात." झालं! फकरूभाऊनं बाभूळ बाजूला ठेवली आन् पांगारा घेतला. पांगारा म्हंजी पिसागत हलका. चाकांना रबर लावलं, श्रीलंकेवानी घासला, लाल-हिरवा रंगवला. इतका देखना गाडा त्यानं जन्मात केला नव्हता, खोटं कशाला बोलू.

त्यो, त्याची बायको कमरबी आन् मी, तिघं भूगावला गेलो. फरशी आरशासारखी. मी म्हनलं, "समरीन, वरवंटा आन गं."

"मावशी, वरवंटा कुठला? मिक्सर आहे."

"न्हाई लागत वो वैनी," फकरूभाऊ हसला. "चीनच्या गाडीवर कोन दगड ठिवतं?"

जस्मीननं चौकट धरली. एक पाऊल टाकलं. समदी टाळ्या वाजवायला लागली, आन् गाडा जो सुटला त्यो थेट भिंतीला! पोरगी हनुवटीवर आपटली. रगात, किंकाळी, मग दवाखाना, टाके.

रिक्षात फकरूभाऊ गुडघे धरून बसला व्हता. निम्म्या वाटंत म्हनला, "वैनी, चीनच्या गाडीत पोर बसतं. बसल्या पोराचंच वजन गाडीला मिळतं. आपलं पोर मागं उभं ऱ्हातं. इतकी खेळणी खोलून बघितली, आन् ह्ये मला दिसलं न्हाई." कमरबी रडत व्हती.

त्यानं बाभळीचा जुना गाडा काढला. वरवंटाबी बांधला, आन् भूगावला घेऊन गेला. पन समरीननं हात जोडले, "नको अब्बा, खरंच नको." तिचं तरी काय चुकलं? आईचा जीव हाय.

टाके निघाल्यावर समरीन पौडाला आली. काखंत जस्मीन, दुसऱ्या हातात चीनचं प्लास्टिकचं वॉकर, पोरगी मदी बसवायची त्ये. "अब्बा, चाक अडकतंय. बघता का?"

मला असा राग आला! म्हनलं, आता ह्यो फेकून देनार. कशाचं काय. त्यानं चष्मा लावला, चाक उघडलं, आत गुंतल्याले केस चिमट्यानं एकेक वढून काढले. तेल सोडलं. चारी चाकं बोटानं फिरवून कानाला लावून ऐकली. मग जस्मीनला आत बसवली आन् सोता अंगनात म्होरं जाऊन, हात पसरून उकिडवा बसला.

"ये, माझी बाय, ये."

पोरीनं पाय मारला. गाडी काय पळाली! सरळ उंबऱ्याकडं, आईकडं. आजाकडं तिनं बघितलंबी न्हाई.

"अब्बा, तुमच्या हाताला तोड नाही," समरीन खुशीत म्हनली.

"व्हय," फकरूभाऊ म्हनला. हात तसेच पसरल्याले. "चांगली चालतीया."