आधी तुमचं नाव सांगा

कनकाअक्काला आम्ही दुभाषी म्हणून घेतलं तेव्हा ती आम्हालाच कामाला लावेल, असं कुणाला वाटलं नव्हतं. वय सदुसष्ट, तंजावरकडचं मराठी घर, राहायला नुंगंबाक्कमला. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या नोंदणी खिडकीत काढलेली. कुठल्या दवाखान्यात, ते ती सांगत नाही.

इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांतले परगावचे मजूर सरकारी दवाखान्यावर विश्वास का ठेवत नाहीत, हे शोधून तिथला नोंदणीचा अर्ज नव्यानं आखायचा, हे आमचं काम. मी डिझायनर, गळ्यात ओळखपत्र, हातात रंगीत चिठ्ठ्या. तीन दिवस मजुरांनी आम्हाला चहा पाजला आणि ताकास तूर लागू दिली नाही.

चौथ्या दिवशी परभणीच्या संजीवच्या खोलीवर गेलो. त्याच्या बायकोला सातवा महिना, पायांवर सूज, आणि तपासणी एकदाही नाही. मी वही उघडली तसं संजीवनं तोंड फिरवलं.

अक्कानं वही माझ्या हातून काढून त्याच्यापुढे ठेवली. "सरि, बरें. तूं लिही. आम्हांस विचार."

हे आमच्या पद्धतीत कुठंच बसत नव्हतं. मी घसा खाकरला, पण तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. संजीवनं अक्काचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, तिच्या घराकडे बस कुठली जाते तेही लिहिलं. मग हळूच विचारलं, "मावशी, दवाखान्यात नाव दिलं की ठेकेदाराला कळतं का?"

मी 'छे' म्हणणार, तेवढ्यात अक्का बोलली.

"एक डाव कळलें. मीच यादी दिली. त्याचे खोल्यांत बायकापोरें चालत नव्हतीं. पोटुशी बाई होती एक. दुसरे दिवशीं तिला बाहेर काढलें."

झालं, सगळं मुसळ केरात. मला तिचा भयंकर राग आला. संजीव मात्र तिच्याकडे बघत राहिला, आणि मग त्यानं तेही वहीत उतरवलं.

सोमवारी दोघं दवाखान्यात आली. नर्सनं अर्ज ओढला, तर संजीवच्या बायकोनं वही उघडली. "आधी तुमचं नाव सांगा." अक्कानं ते तमिळमधून सांगितलं. नर्स चक्रावली, हसली, म्हणाली, "कामाक्षी." मग बायकोनंही आपलं नाव सांगितलं, वय, गाव, महिना सगळं सांगितलं.

पुढे ठेकेदाराच्या नावाचा रकाना आला. हे बाळंतपणाला लागतं का, असं अक्कानं विचारलं. कामाक्षीनं थोडा विचार केला, नाही म्हणाली आणि रकाना कोरा सोडला.

अक्का बाकावर येऊन बसली. "एकतीस वर्षें भरला तो रकाना. कधीं विचारलें नाहीं."

माझा राग केव्हाच गेला होता. मी पेन उघडलं. "अक्का, त्या बाईचं नाव आठवतं?"

"आठवतें." तिनं पदरानं डोळे टिपले. "पण तुला नाहीं सांगत, मंदार. तिला विचारल्यावांचून एक डाव दिलें, तें पुरे."