ढिल्या तारांचा शोध

त्या गिटारवाल्याच्या संगीतातलं मला काही कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. गावातल्या एका डॉक्टरांच्या बंगल्यातल्या त्या खोलीत मी गेलो तो सायक्लोस्टाइल मशीनमुळे. आमच्या विद्यार्थी संघटनेचं मशीन माझ्या ताब्यात होतं आणि डॉक्टरांच्या मुलाला त्याच्या मंडळाचं पत्रक छापून हवं असायचं.

मंडळ म्हणजे सांगलीतली, आमच्याच कॉलेजातली पाच पोरं. विलायतेतल्या एका बँडच्या गिटारवाल्याचे भक्त. त्या बँडचं एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू खाणारं. मुंबईच्या मावसभावाकडून आलेल्या चार रेकॉर्डी, डॉक्टरांचा रेकॉर्डप्लेअर, आणि दर रविवारी दुपारी चर्चा. विषय कायम एकच: हा माणूस गिटारीच्या तारा लावतो कशा? जगातले सगळे एका रीतीनं लावतात, हा वेगळ्याच. डॉक्टरांच्या मुलाचा सिद्धांत असा, की तो सगळ्याच तारा एक स्वर ढिल्या करतो, म्हणून त्याचा आवाज इतका खोल आणि जड. मंडळानं आपली एकुलती एक गिटार रेकॉर्डला जुळेल इतकी ढिली केली होती. तारा नुसत्या फडफडायच्या. तरी पाचही जण माना डोलवायचे. भजनी मंडळात निदान बुवांना शंका विचारता येते. इथं तीही सोय नव्हती.

तारा पिळता-सोडता एक दिवस गिटारीची खुंटी तुटली. मी म्हटलं, माझा एक मित्र मिरजेत तंबोरे करणाऱ्यांकडे आहे, त्याला आणतो.

हा मित्र कवठे महांकाळकडचा, बौद्ध वस्तीतला. शाळेत माझ्या बाकावर होता. मिरजेत आधी भोपळे खरवडायला लागला, मग कान बघून मालकानं त्याला तारा लावायला बसवलं. त्यानं खुंटी बसवली, तेवढ्यात रेकॉर्ड सुरू झाली आणि तो दाराजवळच्या स्टुलावर बसला तो बसलाच. त्यानंतर दर रविवारी मिरजेहून यायचा. धुतलेला शर्ट घालून, सणाला निघाल्यासारखा. रेकॉर्डला हात लावायचा नाही, असं त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बाकीच्यांना तसं कुणी बजावलं नव्हतं.

"तुला काय कळतं रे त्यात?" मी एकदा रस्त्यात विचारलं.

"कळत न्हाई म्हणून तर येतो. आठ दिवस डोक्यात वाजत ऱ्हातंय बघ. दुसरीकडं कुठं मिळणार हाय ऐकायला?"

खरंच कुठंही मिळणार नव्हतं. ती एक खोली, एवढंच त्याच्याजवळ होतं.

चौथ्या का पाचव्या रविवारी तो पहिल्यांदा बोलला.

"एक विचारू का? तार ढिली केली म्हणता. मग गाणाऱ्याचा गळा बी ढिला केलाय का? आन् ढोलवाला एवढा पेंगतोय कशानं?"

सगळे हसले. "मिरजकर, हा तुमचा तंबोरा नाही," एक जण म्हणाला.

"मशीन परदेशी आहे," डॉक्टरांचा मुलगा म्हणाला. "चुकायचं नाही."

"मशीन ब्येस हाय. पण दमतंय ते." आणि त्यानं वरच्या बल्बकडे बोट केलं. बल्बची आतली तार नुसती लाल दिसत होती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बंगला गावाच्या कडेला, उसाला लागून. ज्या ट्रान्सफॉर्मरवर बंगला, त्याच ट्रान्सफॉर्मरवर माझ्या चुलत्यांची मोटर आणि शेजाऱ्यांच्या दोन. रविवारी दुपारी आमच्या उसाची पाळी. तिन्ही मोटरी चालू, व्होल्टेज पडलेलं, आणि ही विद्वान मंडळी दोन महिने मंदावून सूर उतरलेली रेकॉर्ड ऐकून विलायतेतल्या माणसाच्या ढिल्या तारांवर व्याख्यानं देत होती!

मी मळ्याकडे पळत सुटलो. आमची मोटर बंद केली आणि शेजारच्या आजोबांच्या खोपीतला खटका ओढला.

"आरं ए! पाणी निम्म्या सरीत हाय!"

"आजोबा, अर्धा तास फक्त. गाणं ऐकायचंय."

"गाणं? डोकं फिरलंय का रं तुझं?"

तिसरीही बंद केली. परत आलो तर रेकॉर्ड धावत होती. म्हशीसारखा रेकणारा गायक चक्क कोवळ्या गळ्याचा पोरगा निघाला. ढोलवाला जागा झाला होता. मंडळाची ढिली गिटार रेकॉर्डच्या सुराखाली कुठंतरी लोंबत होती.

मित्रानं न विचारता गिटार उचलली. तारा चढवल्या, मग एकेक थांबून लावल्या. दोन तारा जोडीनं एकाच स्वरात, एक पंचमाला. बोट न ठेवता सगळ्या छेडल्या आणि रेकॉर्डच्या सुरुवातीचा तोच झंकार त्या खोलीत उठला.

"तंबोऱ्याचीच रीत हाय की," तो म्हणाला. त्याचा चेहरा असा मी शाळेतही पाहिला नव्हता.

डॉक्टरांचा मुलगा म्हणाला, "मला वाटतच होतं."

वाटतच होतं! मग इतके दिवस काय ऊस सोलत होतास?

पुढचं पत्रक माझ्याच मशीनवर छापायला आलं. स्टेन्सिल त्यांनीच टाइप केलेली. मी हँडल फिरवलं, पहिला कागद बाहेर आला, आणि वाचलं: गिटारवाल्याच्या ताररचनेचा उलगडा, शोधक डॉक्टरांचे चिरंजीव. मित्राचा उल्लेख नाही. 'स्थानिक कारागिराचे साहाय्य' इतकाही नाही. मी काय केलं? शाई लागली होती, म्हणून सगळे कागद काढून दिले. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण खोटं लिहायची सवय मला नाही.

ते पत्रक साताऱ्याच्या असल्याच एका मंडळाकडे गेलं. तिकडून पत्र आलं, 'तुमच्या कानाला सलाम.' डॉक्टरांच्या मुलानं ते उभं राहून वाचलं. मित्र स्टुलावर होता. त्यानं मान खाली घातली, एवढंच. माझं मात्र टाळकं सरकलं.

दोन दिवसांत माझं पत्रक कॉलेजच्या फाटकावर होतं. मथळा: कान कुणाचे, नाव कुणाचे? त्यात सगळं घातलं. बंगला, स्टूल, मित्राची वस्ती, जात, भोपळे. एकेका वाक्याला टाळी पडेल असं लिहिलं होतं. पोरांनी पाठ थोपटली.

मित्र आला तो सरळ माझ्या अंगावर. "माझी जात फाटकावर लावायला तुला कुणी सांगितलं रं?"

"अरे, तुझ्यासाठीच..."

"मला इचारलंस?"

नव्हतं विचारलं. पत्रक काढताना आम्ही कुणालाच विचारत नाही.

रविवारी बंगल्याचं फाटक त्याच्यापुरतं बंद झालं. आधी लेखी माफी, मग प्रवेश, असा निरोप आला. माफी माझी, प्रवेश त्याचा. बघा, कसा न्याय!

"चार ओळी लिही की गड्या," मित्र म्हणाला. दुसऱ्यांदा त्यानं विनवलं नाही.

मी बसलो. तीन वेळा लिहिलं, तिन्ही वेळा पत्रकच झालं. शेवटी कसंबसं जमवलं: 'पत्रकातील मजकूर खरा आहे, परंतु तो माझ्या मित्राला न विचारता लिहिला, याबद्दल दिलगीर आहे. त्याला येऊ द्यावे.' चिठ्ठी परत आली. 'खरा आहे' खाली लाल रेघ. एवढं खोडा, मग बघू.

स्टँडवर मी ती मित्राला दाखवली.

"मग खोड की."

"ते खोडलं तर उरलं काय? मी खोटा ठरतो."

"तू खोटा ठरशील, व्हय. आन् माझं ऐकणं जाईल त्याचं?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

त्यानं चिठ्ठीची घडी करून ती माझ्या खिशात घातली. मग शांतपणे म्हणाला, "एवढं रविवार तू बी तिथं बसलास. त्यातलं एक गाणं सुरू कसं हुतंय, गुणगुणून दाखव बघू."

मला येईना. मी तिथं बसून कोण त्याला काय बोलतं, कोण कुठं बसतं, तेवढंच टिपत होतो. रेकॉर्ड वाजत होती, पण ती ऐकत होता तो एकटाच.

मिरजेची गाडी लागली. तो चढला, खिडकीशी बसला, हात केला नाही. चिठ्ठी माझ्या खिशात राहिली. ते दोन शब्द मी खोडले नाहीत. मी बरोबर होतो, असं आजही कुणाशीही भांडून सांगतो, आणि सांगताना माझा आवाज फार चढतो.