न दुखणारा पाय

माझ्या थोरल्या साडूंइतका वाद घालणारा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा झाला नसेल. डोंबिवलीला गाडी वेळेवर आली, तर ते स्टेशनमास्तरांना घड्याळ तपासायला सांगत. सत्यनारायणाच्या कथेत भटजींना थांबवून साधुवाण्याची बाजू मांडत. मधुमेह जडल्यावर त्यांनी स्वतःच्या देहाशीच वाद आरंभला. "साखर माझ्या रक्तात आधीच आहे ना? मग श्रीखंडावर आळ कशाला?" असं म्हणून ते वाटी पुढे करत आणि अक्का, म्हणजे माझी मेहुणी, मुकाट्याने वाढत असे.

एका सकाळी अक्काला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. चपलेतला खिळा साडूंच्या अंगठ्याखाली शिरला होता आणि ते तसेच बाजारातून भाजी घेऊन आले होते. "दुखत नाही, म्हणजे जखमच नाही," हा त्यांचा निकाल. पावसाळाभर ती चिघळत राहिली. शेवटी मी त्यांना ठाण्याच्या इस्पितळात नेलं. सर्जन म्हणाले, "दुखत नाही हेच वाईट. नसा मेल्यात. आत्ता अंगठा काढून सडलेलं हाड खरवडलं, तर पाय वाचेल."

"न दुखणारा अवयव कापायचा, हे कुठलं वैद्यक?" साडूंनी विचारलं. सर्जन समजावून दमले आणि पुढच्या रोग्याकडे वळले. वाद जिंकून साडू घरी आले. दिवाळीपर्यंत पाऊल काळं पडलं आणि पाय गुडघ्याखाली कापायचं ठरलं.

शस्त्रक्रियेआधी त्यांनी मला जवळ बोलावलं. "पाय माझ्या आधी चाललाय. कचऱ्यात टाकू देऊ नका. तुम्ही पोचवून या." इस्पितळानं दिलेलं गाठोडं घेऊन मी खाडीकाठच्या स्मशानात गेलो. तिथल्या माणसानं विचारलं, "कोण गेलं?" मी गाठोडं पुढे केलं.

घरी आल्यावर साडू फारसे बोलेनासे झाले. उरलेला पाय रोज तपासायला सर्जनांनी बजावलं होतं. संध्याकाळी अक्का तो मांडीवर घेई, बोटांच्या बेचक्या पाही आणि तळव्याला चिमटा काढी. एकदा मी समोरच बसलो होतो. तिनं चिमटा काढला तेव्हा ते खिडकीबाहेर पाहत होते. कपाळावर आठीसुद्धा उमटली नाही.

"दुखतं का हो?" तिनं विचारलं.

त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"दुखतं," ते म्हणाले. "बरंच दुखतं."

कितीतरी दिवसांनी अक्का हसली.