आत्याचा टोप आणि माझं चुंबक

आता काय सांगू तुम्हाला, आपण विज्ञानाचे मास्तर आहोत हे त्या दिवशी मला लपवावंसं वाटलं!

सापगावची माझी आत्या. नातीच्या रुखवतात ठेवायला तिनं शहापूरच्या बाजारातून स्टीलचा भलाथोरला टोप आणला होता, वर नातीचं नाव घालून. मी बघायला गेलो आणि खिशातून शाळेचं चुंबक काढलं. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही!

बुडाला लावलं, पडलं. काठाला लावलं, तर हलकेच धरलं.

"आत्या, फसलीस! खऱ्या स्टीलला चुंबक चिकटत नाय. हा डुप्लिकेट."

आत्याचं तोंड एवढंसं झालं. "नाव पण घातलाय रे. आता पावण्यांत काय तोंड दाखवू?"

झालं! टोप मांडीवर घेऊन आम्ही रिक्षानं थेट दुकानात. मी असा काही तावातावानं बोललो की शेजारचा चहावालासुद्धा गाळणी हातात घेऊन बघायला आला.

दुकानदार मात्र थंड. "सर, पत्रा दाबून काठ वळवला ना, की तेवढ्या जागी चुंबक थोडं धरतं. स्टील चांगलंच हाय."

"मला शिकवता? मी दहावीला विज्ञान शिकवतो! कुठंच चिकटणार नाही असा टोप काढा."

त्यानं गालात हसत मागचा एक टोप पुढं सरकवला. मी चुंबक बुडाला लावलं, काठाला लावलं, आतून लावलं, बाहेरून लावलं. कुठं म्हणून धरेल तर शपथ!

"बघ आत्या, याला म्हणतात अस्सल स्टील! घाला यावर नाव!"

आत्यानं तो एका हातानं अलगद उचलला. "अरे बाला, ह्यो जर्मनचा टोप हाय!"

जर्मनचा म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा हो! त्याला चुंबक ओढतं, पण इतकं कमी की हाताला कळतही नाही, हे दर वर्षी फळ्यावर कोण लिहितं? मीच!

आत्या रागावली म्हणता? छे! तिचा टोप खरा निघाला होता. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली बिचारी. मग तो जर्मनचाही घेतला आणि दुकानदाराच्या कानात काहीतरी सांगितलं. नाव घालायचं मशीन घरघरलं.

स्टीलचा टोप रुखवतात दिमाखात मिरवला. जर्मनचा आमच्या घरी आहे. बायको त्यात भात शिजवते आणि आल्यागेल्याला काठावरचं मुद्दाम मोठ्यानं वाचायला लावते: 'मास्तरांस आत्याकडून सप्रेम भेट. हे स्टील नाही.'