व्याही, मूर्ती आणि अक्रोडाचा चुरा

दुधात पाणी आहे म्हणून भांडणारी माणसं बारामतीत गल्लोगल्ली सापडतील, पण हवेत पाणी आहे म्हणून भर मंगल कार्यालयात भांडलेला माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला व्याही म्हणून आला. लेकीचं लग्न इंदापूरला होतं. मुलीचा बाप म्हणजे त्या दिवशी खुर्च्यांनासुद्धा नमस्कार करत फिरणारा प्राणी. मी तसा फिरत होतो आणि हे गृहस्थ, नवरदेवाचे वडील, नवा कोट घालून कूलरसमोर उभे. दोन्ही हातांत पांढराशुभ्र रुमाल ताणून धरलेला. मला वाटलं घाम पुसतायत. तर मला जवळ बोलावून म्हणाले, "पाव्हणं, ह्या हवेत पानी हाय. आमची मानसं हितं बसायची न्हाईत." अहो, तो कूलर आहे, त्यात पाणी नसेल तर काय असेल, हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं आणि मी ते गिळलं. मी मूळचा तापट माणूस. पण त्या दिवशी जिभेला कुलूप होतं. सगळी वऱ्हाडी मंडळी उठवून मी पंख्याखाली बसवली. तिथं ती घामानं निथळली. व्याह्यांनी तिथंही रुमाल धरून पाहिला आणि समाधानानं म्हणाले, "आता कसं कोरडं हाय."

साखर कारखान्यात फिटर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली आणि तिथल्या हवेबरोबर पाणी थुंकणाऱ्या कॉम्प्रेसरांनी त्यांना काय छळलं होतं कोण जाणे, पण दाबाच्या काट्यावर, मालकावर आणि हवेवर त्यांचा विश्वास राहिला नव्हता तो नव्हताच. कुठलीही हवा दिसली की आधी रुमाल. इंदापूरच्या हायवेवरचा पंक्चरवाला त्यांची गाडी लांबून ओळखायचा आणि चहाला निघून जायचा, कारण व्याही आधी पाइप रुमालावर सोडायला लावायचे, डाग शोधायचे, मग चाकात हवा घेऊ द्यायचे. दुसरी खोड दाण्याची. कुठलाही दाणा दिसला की चिमटीत धरून चोळायचा. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा बायकोनं मोठ्या कौतुकानं शिरा केला होता. यांनी त्यातला घास बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाले, "रवा येकसारखा न्हाय. चाळला न्हवता का?" बायको आत गेली ती पुन्हा बाहेर आलीच नाही. त्या रात्री मला जे ऐकावं लागलं ते सांगत बसत नाही. आणि गंमत म्हणजे हाच माणूस माझ्या लेकीला ताप आला तेव्हा रात्रभर तिच्या उशाशी बसून होता, हे तिनंच मला सांगितलं. त्यामुळं धड रागावताही येत नाही, ही माझी अडचण.

बारामतीच्या एमआयडीसीत माझा छोटा कारखाना आहे. द्राक्ष-डाळिंबाच्या फवारणी पंपांचे भाग दुरुस्त करून त्यांना पुन्हा रंग द्यायचा, हा धंदा. गंज काढायला मी गेल्या वर्षी ब्लास्टिंगचं कॅबिनेट घेतलं. म्हणजे एक लोखंडी कपाट, समोर काच, खाली दोन भोकं आणि त्यांत आत लोंबणारे रबरी हातमोजे. वस्तू आत ठेवायची, मोज्यांत हात घालायचे, पायाखालचा पेडल दाबला की बंदुकीतून हवेच्या जोरावर बारीक दाणा वस्तूवर आदळतो आणि जुना रंग, गंज सगळा सुटतो. कुठला दाणा घ्यायचा आणि त्याला हवा किती नि कशी द्यायची, सगळी अक्कल एवढ्यातच आहे. लेकीनं ही बातमी सासरी सांगितली मात्र, दुसऱ्याच दिवशी व्याही एसटीनं हजर. छातीशी घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी धरलेलं, तान्हं मूल धरावं तसं. "जयभीम" म्हणाले आणि खाली बसायच्या आधीच त्यांनी घोंगडी सोडली.

आत त्यांच्या वस्तीच्या विहारातली बुद्धमूर्ती होती. हातभर उंचीची, पितळेची. व्याह्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ती स्वतः ओतली होती. ते फौंड्रीत कामाला होते. मूर्तिकाम त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. वस्तीला मूर्ती हवी होती, विकत आणायची ऐपत नव्हती, म्हणून या माणसानं सुट्टीच्या दिवसांत ती ओतली आणि नुसत्या कानशीनं घासून नाकडोळे काढले. पुढं वस्तीत पद्धत पडली, की वैशाखी पौर्णिमा आली की मूर्तीला सोनेरी ऑइलपेंटचा नवा हात द्यायचा. रंग लावायचा मान दरवर्षी नव्या घराला. खरवडायचं कुणी नाही, नुसतं वर चढवायचं. प्रेमच ते, त्याला काय बोलणार! पण होता होता चेहरा असा झाला होता, की पाकात बुडवून काढल्यासारखा. डोळे कुठं संपतात आणि गाल कुठं सुरू होतात, पत्ता नाही. आबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. व्याही म्हणाले, "वस्तीच्या बैठकीत मी उभा ऱ्हायलो. निम्मी मानसं म्हनली, मूर्ती बिघडंल. मी शबुद दिलाय. रंगाखाली आबाच्या हातचं काम हाय, त्ये मला येकदा बघायचंय. कानशीचा येक वरखडा जरी गेला, पाव्हणं, तर मी वस्तीत तोंड दावायचा न्हाय." मी हो म्हणालो आणि पाण्याचा अख्खा तांब्या घशाखाली ओतला.

कारण माझ्या कॅबिनेटमध्ये तेव्हा होता तपकिरी दाणा, लोखंडाचा गंज खाणारा. तो पितळेवर मारला असता तर रंगाबरोबर नाकसुद्धा गेलं असतं. व्याह्यांनी तो चिमटीत धरला आणि असा झटकला, की जणू इंगळीच धरली होती. काचेचे बारीक मणी मिळतात; त्यानं पितळ छान चमकतं, पण ते धातूला ठोकून ठोकून गुळगुळीत करतात, म्हणजे कानशीचे ओरखडे बुजले. "मग आबाचं काय ऱ्हायलं त्येच्यात?" व्याही म्हणाले. शेजारचा एक शहाणा डोकावून म्हणाला, नदीची वाळू मारा की, फुकट आहे. त्याच्यावर व्याही एवढे ओरडले, की तो बिचारा अजून माझ्या दारावरून जाताना रस्ता ओलांडतो. वाळूची धूळ छातीत बसून माणूस झिजतो, हे त्यांनी नोकरीत डोळ्यांनी पाहिलं होतं. मग त्यांनीच उपाय काढला: मका. दाणे काढल्यावर उरलेली बुरकुंडं दळली, की मऊ दाणा तयार. लोणी भापकर गावच्या एका पाहुण्याकडून त्यांनी पोतंभर बुरकुंडं आणली, मसाल्याच्या कांडपात कुटून घेतली आणि विहीणबाईंच्या शेवयांच्या रव्याच्या चाळणीनं चाळली. ती चाळणी परत करताना घरात काय झालं, हेही मला लेकीकडूनच कळलं. मी जुन्या रंगीत पितळी नळावर तो चुरा मारून पाहिला. बंदूक दोनदा शिंकली, एकदा खोकली आणि तुंबली. आतून निघाला ओल्या सातूच्या पिठासारखा गोळा.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात व्याही म्हणाले, "मक्याला नावं ठिवू नका. तुमची हवा थुकतीया." आणि रुमाल धरला. दुर्दैव माझं, रुमालावर खरंच पाण्याचे ठिपके होते. तिथून पुढं त्यांनी माझा कारखाना ताब्यात घेतला. कॉम्प्रेसर लहान आहे. काटा दाब दाखवतो, पण बंदूक चालू झाली की धाप लागून दाब खाली येतो. "दाब म्हंजी मानसाचा राग, पाव्हणं. राग समद्यांना येतो. पर भांडान शेवटापत्तूर न्ह्यायला दम लागतो. तुमच्याकडं नुसता राग हाय." हे कॉम्प्रेसरबद्दल होतं की माझ्याबद्दल, मी विचारलं नाही. शेजारच्याचा मोठा कॉम्प्रेसर मागून आणला. हवा थंड होऊन तिच्यातलं पाणी गळून पडावं म्हणून भिंतीवरून लोखंडी पाइप असा फिरवला, की कॅबिनेटपर्यंत यायला हवेला सगळा कारखाना हिंडावा लागे. शेवटी उतार, तिथं पाणी सोडायचा नळ, मग गाळणी. मका मात्र तरीही बंदुकीत अडकायचाच, त्यात पिसासारखं तूस फार. शेवटी पुण्याहून अक्रोडाच्या कवचाचा चुरा मागवला. व्याह्यांनी तो चिमटीत चोळला, उजेडात धरला आणि चक्क दाताखाली घेतला. "कोरडा हाय," म्हणाले, आणि मग विचारात पडून, "ह्यातला गर कुनी खाल्ला आसंल?"

काम ठरलं त्याच्या आदल्या संध्याकाळी नेमका वळीव पडला आणि हवा दमट झाली. पौर्णिमा तोंडावर आलेली. व्याही सकाळपासून पाइपाच्या टोकाशी रुमाल धरून बसले. दर थोड्या वेळानं, "आजून न्हाय." मी चरफडत फेऱ्या मारत होतो. लेकीचा फोन आला, "पप्पा, जपून हं. मामांनी काल जेवणाला हात लावला नाही." सासऱ्यांना ती मामा म्हणते. उन्हं चांगली तापली, रुमाल कोरडा राहिला, तेव्हा कुठं ते उठले. बंदुकीची सवय मला होती म्हणून मोज्यांत हात मी घातले. काट्यावर बोट ठेवून त्यांनी बजावलं, "दाब दोन किलोच्या वर न्हाय. आन येका जागी थांबू नका."

पाठीपासून सुरुवात केली. रंग पापुद्र्यापापुद्र्यानं सुटू लागला, सोनेरीखाली सोनेरी, मध्येच एक भगभगीत पिवळा. व्याही काचेला नाक लावून वाचल्यासारखं बोलत होते, "ह्यो पिवळा, त्या वर्सी दुकानात सोनेरी संपला व्हता. ह्यो जाड थर आमच्या थोरल्याच्या जन्माचा, त्या वर्सी मान आमच्या घराला व्हता." त्यांच्या श्वासानं काच धुरकट व्हायची आणि मला आतलं दिसेनासं व्हायचं. तुम्ही जरा मागं सरा, असं व्याह्याला कसं म्हणायचं? खांदे, छाती, चिवराच्या चुण्या निघाल्या. चुण्यांवर कानशीचे बारीक ओरखडे जसेच्या तसे. मग चेहरा राहिला. बंदूक लांब धरली. कपाळ निघालं, नाक निघालं, उजवा डोळा निघाला, शांत मिटलेला, इतका सुरेख की मी आतल्या आत स्वतःला शाबासकी देऊन घेतली. डाव्या डोळ्याशी आलो आणि व्याही ओरडले, "थांबा!" मी पेडलवरचा पाय उचलला. काचेतून पाहिलं. डावा डोळा उजव्यापेक्षा खाली उतरलेला होता, पापणीची रेघ तिरकी जाऊन गालात घुसलेली. मीच बिघडवला! जिंदगीभराचं नाव गेलं, वस्तीची मूर्ती गेली, लेक त्या घरात कशी नांदणार, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं.

मूर्ती बाहेर काढली. व्याह्यांनी ती हातात घेतली, दारात उजेडाला नेली आणि पाठमोरे उभे राहिले. मी म्हणालो, "व्याही, चुकलो. माझा हात हलला असेल." त्यांनी मूर्ती माझ्यापुढं धरली. म्हणाले, "न्हाय वो. तुमच्या हवेनं न्हाय झालं ह्ये. ह्यो बघा, कानशीचा वरखडा डोळ्याच्या आतनं गेलाय. आबाला डावा डोळा जमलाच न्हवता." आणि मग खालीच बसले, दाराच्या चौकटीला टेकून, मूर्ती मांडीवर. "मी हायस्कुलात व्हतो. दुसऱ्या गावची पोरं बघाय आली आन हसली. म्हनली, तुमचा बुद्ध डोळा मारतोय. मला लाज वाटली. दुसऱ्या दिशी म्याच पैल्यांदा सोनेरी डबा आनला आन चेहऱ्यावर दोन हात जाड मारलं, डोळा झाकस्तवर. आबा दारात उभं ऱ्हाऊन बघत व्हतं. येक शबुद बोललं न्हाईत. आन पुढच्या वर्सी पौर्णिमा आली, तवा त्येंनीच डबा आनून माझ्या हातात दिला." एवढं बोलून तो हवेवर डाफरणारा माणूस मूर्तीच्या त्या तिरक्या पापणीवरून अंगठा फिरवत लहान पोरासारखा रडला. माझे हात तेव्हाही कोपरापर्यंत अक्रोडाच्या धुळीनं भरलेले होते. मी तसाच त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो. बोलायचं काही सुचलं नाही, आणि पहिल्यांदाच ते न बोलणं मुलीच्या बापाचं नव्हतं.

पौर्णिमेला आम्ही नवराबायको त्यांच्या वस्तीत गेलो. विहारात मेणबत्त्या लावल्या होत्या आणि कोऱ्या पितळेची मूर्ती फुलांत बसली होती, निराळीच, जरा सावळी. वंदना झाली. लोक पुढं येऊन वाकून बघत होते. तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत पुढं आली, चेहऱ्याशी चेहरा नेऊन तिनं पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आगं बया, ह्यो डोळा वाकडा वाटतोय का मलाच दिसंना?" व्याही मागं भिंतीशी उभे होते. ते तिथूनच, सगळ्या वस्तीदेखत, ताठ मानेनं म्हणाले, "वाकडाच हाय, मावशे. आमच्या आबानं केलाय."